बंदी पावसाळ्यात, मग फाल्गुनात काय?

पावसाळा तोंडावर आला की रायगड जिल्ह्यात धबधब्यांवर जायला बंदी घालणारे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याजवळचं देवकुंड या यादीत हमखास असतं. बातमी छापून येते, नाक्यावर गाड्या अडवल्या जातात, काही हौशी मंडळी तरीही आडवाटेनं घुसतात आणि मग समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी भांडण जुंपतं. हा सगळा प्रकार आता आपल्या पावसाळ्याचाच भाग झाला आहे.

माझा त्या बंदीवर आक्षेप नाही. ओढ्याला लोंढा आला की परतीची वाट कशी पाण्याखाली जाते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला बोलायचं आहे ते बंदी नसलेल्या महिन्यांबद्दल, त्यातही फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच्या दिवसांबद्दल. बंदी उठली म्हणजे वाट सुरक्षित झाली, आता तिच्याबद्दल कुणी काही सांगायची गरज नाही, असा समज सरकारी टेबलांवर आहे तसाच पाठपिशवी घेऊन येणाऱ्यांच्या मनातही आहे. शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रविवारी दुपारी माझ्या दवाखान्यात जे पेशंट येतात, ते पाहिले तर हा समज टिकत नाही.

मी माणगावात जनरल प्रॅक्टिस करते. निजामपूरमार्गे ताम्हिणीकडे जाणारा रस्ता माझ्या दाराजवळून जातो, त्यामुळे डोंगरातून उतरलेला माणूस बऱ्याचदा आधी माझ्याकडे येतो. मी स्वतःही ही वाट अनेक वर्षं चालते आहे. एखादा पोरगा सलाईन लावून घेताना म्हणाला की, "त्या मोठ्या धोंड्यापाशी चक्कर आली", तर तो धोंडा कुठला, तिथून सावली किती लांब आणि पाणी किती खाली, हे मला माहीत असतं.

भिऱ्याहून देवकुंड पाच-सहा किलोमीटर. सुरुवातीला धरणाच्या पाण्याच्या कडेनं, पुढे ओढ्याच्या काठाकाठानं आणि शेवटी रानातून धोंड्यांवर पाय ठेवत. फाल्गुनात ही वाट वर्षातली सर्वांत देखणी असते, असं माझं ठाम मत आहे. पळस आणि पांगारा पेटलेले असतात, काटेसावरीखाली मांसल लाल फुलांचा सडा पडलेला असतो. कोशिंबाची नवी पालवी इतकी तांबडी की नवखा माणूस तिलाच फुलं समजतो. अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद चिकटलेले, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या, आणि कुठेतरी वरच्या फांदीवर तांबटाची टुकटुक चाललेली. ओढा निवळलेला असतो, तळाचे गोटे मोजून घ्यावेत. पावसाळ्यात इथे येणाऱ्यांना धुकं आणि दुसऱ्यांच्या पाठी दिसतात. रान पाहायचं तर ते फाल्गुनातच. म्हणून लोकांनी या दिवसांत येऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी यावं, आणि काय वाढून ठेवलं आहे ते कळून यावं.

पहिली गोष्ट सावलीची. हे रान बहुतांश पानझडीचं आहे. ऐन, किंजळ, साग ही झाडं याच सुमारास उघडी होतात. फोटोत हिरवीगार दिसलेली वाट प्रत्यक्षात उन्हात येते, आणि खाली वीतभर वाळका पाचोळा साचतो. त्या पाचोळ्याखालचा हलता दगड दिसत नाही. माझ्याकडे येणारे सुजलेले घोटे बहुतेक याच दगडांची देणगी असतात. हक्काची सावली उरते ती फक्त पाण्याकाठी, करंज, जांभूळ, उंबर आणि आंब्यांखाली. त्यामुळे या दिवसांत ओढ्याची संगत सोडून उघड्या उतारावरून आडवाट काढणं म्हणजे वेळ वाचवून ऊन विकत घेणं.

दुसरी गोष्ट त्या उन्हाचीच. २०१७ च्या मार्चअखेरीस भिऱ्याला ४६.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि हे एवढंसं गाव देशभरच्या बातम्यांत झळकलं. त्या आकड्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. यंत्र एखाददुसऱ्या अंशानं इकडेतिकडे असेलही, पण भिऱ्याच्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मार्चमध्ये वारा अनेकदा पूर्वेकडून येतो. देशावरची कोरडी हवा घाटमाथ्यावरून खाली उतरते आणि उतरता उतरता दाबली जाऊन आणखी तापते. समुद्राकडचा गार वारा त्या दिवसांत उशिरा सुटतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्यापर्यंत पोचेतो दुपार होऊन जाते. म्हणून कोकणात उन्हाचा तडाखा अनेकदा मेपेक्षा मार्चमध्ये जास्त जाणवतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या डोक्यात मात्र मार्च म्हणजे सरत्या थंडीचा महिना असतो. बारावीची परीक्षा संपवून आलेली पोरं सकाळी दहाला भिऱ्यात उतरतात, पोहे खातात आणि साडेदहाला चालायला लागतात. गावातला वाटाड्या त्या वेळी पहिला गट घेऊन परतीच्या वाटेवर असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. वर ताम्हिणीत महाराष्ट्रातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक जागा आहे. एवढा पाऊस पडतो तर पाणी जातं कुठे, असं शहरातले लोक मला विचारतात. ते जातं समुद्रात. हा काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही. मातीचा थर पातळ, उतार उभा. चार महिने कोसळलेलं पाणी भेगाभेगांतून जेवढं मुरलं तेवढंच पुढे झिरपत राहतं. दिवाळीत ओढा खळाळता असतो, संक्रांतीला शांत, आणि होळीनंतर त्याचे तुकडे पडतात: एक डोह, मग कोरडे गोटे, मग पुन्हा एक डोह.

याच ओढ्याच्या खाली मात्र नदी भर उन्हाळ्यात दुथडी वाहताना दिसते. कारण ते पाणी या डोंगराचं नाहीच. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. त्याचं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवलं जातं. टाटांचं हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभा केला तेच हे धरण. विजेसाठी सोडलेलं ते पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावरच कोलाडचं राफ्टिंग चालतं. आता बेत कसे आखले जातात पाहा: शनिवारी कोलाडला राफ्टिंग, मुक्काम, रविवारी देवकुंड. शनिवारी ज्यानं फेसाळती कुंडलिका अंगावर घेतली, त्याला रविवारी त्याच नदीच्या माथ्याकडे जाताना पाण्याची चिंता का वाटावी? तो खांद्यावर अर्ध्या लिटरची बाटली अडकवून निघतो. खालची नदी विजेच्या मागणीवर वाहते आणि वरचा ओढा गेल्या पावसाच्या शिलकीवर, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

उन्हात चढ चढणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. जाऊन-येऊन पाच तास धरले तर अर्ध्या लिटरची बाटली कुठे पुरणार, याचा हिशेब शाळकरी पोरही करील. माझ्याकडे येणाऱ्यांच्या कहाण्या जवळपास सारख्याच असतात. आधी पोटऱ्यांत गोळे येतात, मग डोकं दुखतं, मळमळतं, लघवी गडद होते. इथवर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी पुरतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढं साधं औषध आहे; ते घरून करून आणावं. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे, घामावाटे गेलेलं मीठ त्यानं भरून येत नाही. बिअरबद्दल मी काही लिहीत नाही, ती आणणारे हा लेख वाचणार नाहीत.

मात्र चालता चालता एखादा असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडू लागला, झोकांड्या देऊ लागला, तर तो थकलेला नाही. तो उष्माघात आहे आणि त्यात मिनिटं मोजली जातात. त्याला जागेवर सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता आणि वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. "खाली गेल्यावर बघू" म्हणत त्याला तसाच चालवणं हा या वाटेवरचा सर्वांत घातक सल्ला आहे, आणि मित्रमंडळी नेमका तोच देतात.

आता वणवा. वनखात्याच्या लेखी फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. जंगलात आपोआप पेट घेणारं इथे फारसं काही नाही. आग बहुतेक वेळा माणसाच्या हातून लागते. भातशेतीसाठी राब भाजताना ठिणगी उडते, नवं गवत चांगलं येईल म्हणून कुणी डोंगर पेटवतो, आणि चहासाठी तीन दगड मांडणारा ट्रेकरही त्यात आला. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेले लोक वणव्यात सापडले आणि त्यांतल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेनंतर त्या राज्यानं पदभ्रमणासाठी नियम केले, वाटांची वर्गवारी केली. आपल्याकडे आग अडवण्यासाठी जाळरेषा काढल्या जातात, वनरक्षक रात्री-अपरात्री डहाळ्यांनी आगी झोडपत राहतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण काल कुठला डोंगर जळाला आणि आज कुठे धुमसतो आहे, ही खबर वाटेच्या तोंडाशी आलेल्या माणसाला मिळत नाही. आग चढावर माणसापेक्षा वेगानं धावते. धूर दिसला तर वर पळू नये, ओढ्याच्या गोट्यांत उतरावं, हे तरी त्याला कळायला हवं.

मधमाश्यांचंही तेच. देवकुंडासारख्या उंच कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ लागतं. धूर, अत्तराचा भपका, ड्रोनची घरघर, एखाद्या अतिउत्साही पोराचा दगड, यांतलं काहीही पुरतं. चवताळलेल्या माश्यांपुढे हात झाडत उभं राहू नये. तोंड आणि मान कपड्यानं झाकावी आणि दाट झुडपांच्या आडोशानं लांब पळावं. डोहात उडी मारून सुटका होत नाही, माश्या वर घोंघावत थांबतात. नांग्या नखानं खरवडून लगेच काढाव्यात. श्वास लागला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर क्षणाचाही विलंब नको. आणि डंख खूप झाले असतील तर ॲलर्जी नसलेल्यालाही दवाखान्यात आणावं, कारण ते विष मूत्रपिंडापर्यंत पोचतं. मोहोळ कुठल्या झाडाला लागलं आहे हे भिऱ्यातल्या गुराख्याला माहीत असतं. पाहुण्याला ते कळायचा मार्ग नाही.

आणखी एक बाजू आहे, जी ट्रेकवरच्या लिखाणात क्वचितच येते. ओढ्याचे तुकडे पडले की वरच्या डोहांवर भेकरांचा, रानडुकरांचा, माकडांचा आणि गुरांचा हक्क पहिला. खालच्या वाड्यांवर बायका ओढ्याच्या वाळूत डवरा खणतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. एकदा एका आजींजवळ टेकले होते. वरून खिदळण्याचे आवाज येत होते. आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाय, ती पोरा साबण लावून आंगोळ करतान. तो पानी आमचे डवऱ्यान येतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. जुलैमध्ये साबणाचा फेस वाहून जातो, एप्रिलमध्ये तो डोहातच राहतो आणि पुढे कुणाच्या तरी हंड्यात झिरपतो. तेव्हा पाणी आपलं आपण आणावं, डोहात साबण नको, आणि भर दुपारी पाणवठ्यावर ठाण मांडून बसू नये. पाणी प्यायला आलेलं जनावर आपण उठेपर्यंत झुडपाआड ताटकळत असतं.

या सगळ्यावर उपाय म्हणून कुणी उन्हाळ्यातही बंदी सुचवील. माझा त्याला विरोध आहे. पावसाळ्यातल्या बंदीनं भिरा-पाटणूसकडच्या घरांची मोठी कमाई आधीच बुडते. जी मुलं वाटाडे म्हणून जातात, ज्या बायका चुलीवर भाकऱ्या थापून पाहुण्यांना जेवू घालतात, त्यांना हे कोरडे महिनेच उरतात. शिवाय बंदी घालणं सर्वांत सोपं असतं: एक कागद काढला की जबाबदारी संपली. आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनी रानात येऊच नये, असं तर आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही.

हवामान खात्याचे इशारे आहेत ना, असंही विचारलं जातं. आहेत, आणि ते चांगलेच आहेत. पण ते जिल्ह्याला एक रंग देतात. रायगड जिल्ह्यात अलिबागचा किनाराही येतो आणि भिऱ्याचा हा तापल्या कढईसारखा खोलगट भागही; एकाच दुपारी दोन्हीकडे काही अंशांचा फरक असतो. वणव्याचंही तसंच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणं टिपते आणि नोंदणी केलेल्यांना मोबाइलवर कळवते. म्हणजे माहिती दिल्लीत आहे, डेहराडूनला आहे, गुराख्याच्या डोक्यात आहे आणि त्या आजींच्या वाटीत आहे. ती नसते फक्त वाटेच्या तोंडाशी.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. भिऱ्यात, जिथे गाड्या लागतात तिथे, एक फळा असावा. छापील पाटी नव्हे, कारण छापील पाटी जूनमध्ये आणि मार्चमध्ये तेच सांगते आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी बघत नाही. फळ्यावर रोज सकाळी खडूनं पाच ओळी लिहाव्यात: आजची तारीख आणि कालचं कमाल तापमान; वाटेवर शेवटचं पाणी कुठे आहे आणि ते पिण्याजोगं आहे का; कुठे वणवा किंवा धूर; मोहोळ कुठल्या बाजूला; आणि किती वाजल्यानंतर वर जायला निघू नये. मार्च-एप्रिलमध्ये ही शेवटची वेळ सकाळी आठच्या पुढे असू नये, असं मी डॉक्टर म्हणून सांगेन. खरं तर उजाडताच निघावं, म्हणजे दुपारच्या आत खाली येता येतं.

लिहायचं कुणी? जो वाटाडा पहाटे पहिला गट घेऊन जातो, त्यानं आदल्या दिवशी जे पाहिलं ते. ग्रामपंचायत आणि संयुक्त वनव्यवस्थापन समिती यांनी हे काम एकाकडे सोपवावं आणि हंगामापुरतं मानधन द्यावं. पर्यटकांकडून शुल्क घेतलं जात असेल तर त्यातला थोडा वाटा इकडे वळवायला काय हरकत आहे? वनरक्षकानं आगीची ओळ त्याला फोनवर सांगावी. त्याच फळ्याचा फोटो रोज गावाच्या गटावर टाकला, तर पुण्यातून निघण्याआधीच माणूस तो वाचेल.

लोक वाचणार नाहीत, असं एक वनाधिकारी मला हसून म्हणाले. काही वाचणार नाहीत हे खरं. पण औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं सगळेच पेशंट पाळत नाहीत, म्हणून मी चिठ्ठी लिहायचं थांबवत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: फळ्यावर पाणी आहे असं लिहिलं आणि ते आटलं, तर जबाबदार कोण? त्यासाठीच वर तारीख हवी. कालची खबर काल खरी होती, एवढंच फळा सांगतो. आज मात्र आपण कुठलीच खबर देत नाही आणि त्याची जबाबदारीही कुणावर येत नाही. ही सोय लिहिणाऱ्यांची आहे, चालणाऱ्यांची नाही.

देवकुंड हे एक उदाहरण झालं. अंधारबनातून उतरणारी वाट, भीमाशंकरच्या घाटवाटा, कोयनेकाठची रानं, सगळीकडे फाल्गुनातली परिस्थिती थोड्याफार फरकानं हीच आहे. एका गावानं हे करून दाखवलं तर दुसऱ्याला नक्कल करायला वेळ लागणार नाही. फेब्रुवारीत वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी भिऱ्यात फळा लागावा. फळा, खडू आणि त्याच्यावरचं पत्र्याचं छप्पर यांचा खर्च मी देते. लिहिणारा हात गावानं द्यावा आणि आगीची खबर खात्यानं.